शिक्रा की पावशा? आणि मध्ये चाळीस ‘शुभ सकाळ’

समजा, जूनचा पहिला आठवडा आहे. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला गेलेली एक नवी सदस्या सकाळी ७:१० ला पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकते आणि विचारते, ‘हा शिक्रा आहे का?’ ७:४० ला एक जाणकार काका उत्तर देतात, ‘शिक्रा नाही, पावशा आहे. अंगावरच्या पट्ट्यांमुळे फसायला होतं. चोच बघ, शिक्र्यासारखी आकडेदार नाही. डोळ्याभोवती पिवळं कडं आहे. “पेरते व्हा” असं ओरडत होता का?’ (शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी, तर पावशा कोकिळेच्या कुळातला.) यापेक्षा चांगलं उत्तर पुस्तकातही मिळणार नाही.

पण त्या अर्ध्या तासात ग्रुपवर चाळीस मेसेज येऊन पडलेले असतात. सूर्योदयाची चित्रं, सुविचार, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, कारल्याच्या रसाचा फॉरवर्ड, घाटातल्या वाहतूक कोंडीचा व्हिडिओ. फोनच्या पडद्यावर चित्रवाले मेसेज एका वेळी जेमतेम दोन मावतात, म्हणजे वीस पडदे मागे गेल्याशिवाय तो फोटो सापडत नाही. ज्या ताईंनी विचारलं त्यांना उत्तर मिळेल, कारण काकांनी त्यांच्याच मेसेजला रिप्लाय केलाय. पण पावशा आणि शिक्रा यांत गोंधळणारे आणखी पन्नास जण ग्रुपवर आहेत, त्यांना ते कधीच दिसणार नाही. अडीचशे जणांच्या ग्रुपवर चाळीस मेसेज म्हणजे दहा हजार वेळा कुणाचा ना कुणाचा फोन वाजला. त्याला कंटाळून ग्रुप सगळ्यात आधी म्यूट कोण करतं? ज्यांच्याकडे उत्तरं आहेत ते. प्रश्न विचारणारा टिकतो, उत्तर देणारा गप्प होतो, आणि सहा महिन्यांत ग्रुपवर फक्त सूर्योदय उरतो.

छंदाचा ग्रुप सांभाळणं म्हणजे ७:१० चा प्रश्न आणि ७:४० चं उत्तर जपणं. बाकी सगळे नियम त्यासाठी.

मराठीत या विषयाला धरून नसलेल्या मजकुरासाठी नेमका शब्द आहे: अवांतर. मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मराठी संकेतस्थळांवर ‘धागा’ (एका विषयावरची चर्चा), ‘प्रतिसाद’, ‘डुआयडी’ (एकाच माणसाचं दुसरं खातं) असे शब्द रुळले, तसाच हाही. एखाद्याला मूळ विषय सोडून काही सांगायचं असेल, तर तो प्रतिसादाच्या सुरुवातीलाच ‘अवांतर:’ असं लिहितो. ज्याला वाचायचं नाही तो तेवढं सोडून पुढे जातो. शाळेत ‘अवांतर वाचन’ म्हणतात तेव्हा त्यात कुठे दोष असतो? फक्त ते अभ्यासक्रमाबाहेरचं असतं. छंदाच्या ग्रुपवरही हाच अर्थ धरावा. अवांतर हा गुन्हा नाही, ते चुकीच्या जागी पडलेलं सामान आहे. त्याला जागा नेमून दिली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

माणसं अवांतर का टाकतात, हे एकदा समजून घेतलं पाहिजे. निवृत्त माणसाला सकाळी सहाला जाग येते, ग्रुपवर ओळखीची नावं दिसतात, आणि ‘मी आहे’ हे सांगायला त्याच्याकडे एक चित्र असतं. त्याला दाराची बेल वाजवायची असते, इतकंच. अशा माणसाला ‘ग्रुपचे नियम वाचा’ असं चारचौघांत सुनावलं, तर तो दुखावतो आणि कायमचा गप्प होतो. त्याच माणसाला वीस वर्षांपूर्वी पाषाण तलावावर कोणती बदकं उतरायची हे तोंडपाठ असेल, आणि ते आता कुणाला कळणार नाही.

साधन काय करू देतं, यावर बरंच ठरतं

धाग्यांच्या संकेतस्थळावर अ‍ॅडमिनच्या हातात बरंच काही असतं. भरकटलेले प्रतिसाद उचलून नव्या धाग्यात हलवता येतात, धागा वाचनमात्र करता येतो, एकाच सदस्याचं लिहिणं काही दिवस थांबवता येतं. टेलिग्रामच्या मोठ्या ग्रुपात विषयवार कप्पे करता येतात. शिवाय ‘स्लो मोड’ लावला की एका सदस्याला दोन मेसेजच्या मध्ये ठरावीक वेळ थांबावंच लागतं, काही सेकंदांपासून एक तासापर्यंत.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये यातलं फार थोडं आहे. मेसेज एका ग्रुपातून दुसऱ्यात हलवता येत नाही. एकाच माणसाला गप्प बसवता येत नाही. एक तर तो ग्रुपात असतो, नाही तर नसतो, किंवा ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही खूण करून सगळ्यांचीच तोंडं बंद करावी लागतात. अ‍ॅडमिन दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसू शकतो, पण त्या जागी कोणत्या अ‍ॅडमिनने पुसला ते नावानिशी दिसतं. ही बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अडीचशे जणांसमोर तुमचं नाव आणि त्या माणसाचा पुसलेला मेसेज शेजारी शेजारी दिसतात, आणि तो अपमान म्हणूनच पोचतो. त्याच माणसाने स्वतः पुसला तर नुसतं ‘मेसेज डिलीट केला’ एवढंच उरतं. पाठवणाऱ्याला त्यासाठी साधारण अडीच दिवस मिळतात. म्हणून निरुपद्रवी अवांतर अ‍ॅडमिनने शक्यतो स्वतः पुसू नये, पाठवणाऱ्याकडून पुसून घ्यावं.

पुण्यातले बहुतेक छंदाचे ग्रुप, मग ते पक्ष्यांचे असोत, गच्चीवरच्या बागेचे असोत की ट्रेकचे, व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतात, कारण सगळे तिथेच असतात. तेव्हा तिथेच रचना बदलायची. एक ग्रुप तोडून ‘कम्युनिटी’खाली, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या सोयीखाली, तीन करायचे: एक ‘ओळख आणि नोंदी’, जिथे फक्त फोटो, पक्ष्याची ओळख, कुठे काय दिसलं, एक ‘सूचना’, जिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितात, आणि एक ‘गप्पा’. तीनपेक्षा जास्त करू नयेत. सात-आठ ग्रुप केले की कुठे काय टाकायचं हे माणसं विसरतात, आणि शेवटी सगळं सगळीकडे टाकतात.

गप्पांच्या ग्रुपला ‘डिसअपिअरिंग मेसेज’ लावावेत, सात दिवसांचे. मायबोलीवर ‘वाहतं पान’ असतं, जुनं लिहिलेलं आपोआप निघून जातं आणि नवं येत राहतं. हे त्याचंच व्हॉट्सअ‍ॅपवरचं रूप. गप्पा जपून ठेवायच्या नसतात, म्हणूनच त्या मोकळेपणाने होतात. ‘ओळख आणि नोंदी’ला मात्र ही सोय चुकूनही लावू नये, नाहीतर त्यानंतर आलेली प्रत्येक नोंद सात दिवसांत पुसली जाईल.

नियम थोडे असावेत, आणि डोळ्यांना दिसणारे

‘सभ्यपणे वागा’, ‘योग्य तेच टाका’ हे नियम नाहीत, ती अपेक्षा आहे. योग्य काय यावर वाद होतो आणि अ‍ॅडमिन न्यायाधीश होऊन बसतो. नियम असा हवा, की तो मोडला की नाही हे कुणालाही पाहून सांगता यावं. एक फार उपयोगी खूण व्हॉट्सअ‍ॅपनेच दिली आहे. पुढे ढकललेल्या मेसेजवर एक बाण असतो, आणि पाच किंवा अधिक टप्पे फिरून आलेल्या मेसेजवर दोन बाण असतात. ‘दोन बाणांचा मेसेज ओळख-ग्रुपवर नाही’ एवढा एक नियम केला, की कारलं, कोंडी आणि सुविचार तिन्ही एकाच फटक्यात बाहेर जातात, आणि कुणाच्या आवडीनिवडीवर बोट ठेवावं लागत नाही.

फोटोचाही नियम असाच: तारीख, वेळ आणि भाग लिहिल्याशिवाय ओळख विचारायची नाही. ‘हा कोण?’ एवढ्यावर जाणकारही अडकतो. ‘५ जून, सकाळी ७, तळजाई, झाडावर उंच’ एवढं असलं तर निम्मं उत्तर तिथेच असतं, कारण हिवाळी पाहुणे जूनमध्ये तिथे नसतात.

सणांचं आणि दुःखाचं थोडं नाजूक असतं. दिवाळी, गणपती, पाडवा या दिवशी अ‍ॅडमिनने सकाळी एक शुभेच्छांचा मेसेज टाकावा आणि बाकीच्यांनी त्यावर रिअ‍ॅक्शन द्यावी. रिअ‍ॅक्शन वेगळी ओळ खात नाही, आणि तिची सूचना फक्त मूळ मेसेज टाकणाऱ्याच्या फोनवर जाते. सदस्याच्या घरी कुणी गेलं तरी हेच: अ‍ॅडमिनचा एक मेसेज, त्याखाली हात जोडलेले. पण त्या घरी फोन मात्र जरूर जावा, आणि तो अ‍ॅडमिननेच करावा. दीडशे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’पेक्षा तो एक फोन जास्त पोचतो.

विकायच्या वस्तूंना दिवस नेमावा. महिन्याचा पहिला रविवार, किंमत लिहिलेली असली पाहिजे, प्रत्येकाने एकच मेसेज. ८×४२ ची जुनी दुर्बीण कुणाला स्वस्तात मिळाली तर सगळ्यांचंच भलं आहे, पण दर दोन दिवसांनी ‘भिगवण बोट सफारी, मोजक्या जागा शिल्लक’ आलं तर ग्रुप भाजीबाजार होतो. सहलीची जाहिरात करणाऱ्यांना एका सहलीला एक मेसेज, तोही गप्पांमध्ये.

मधल्यामध्ये असलेले विषय

पुण्यात हा प्रश्न हमखास येतो: वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याबद्दल पक्ष्यांच्या ग्रुपवर बोलायचं का? टेकडी हेच त्या पक्ष्यांचं घर आहे, तेव्हा हा विषय अवांतर म्हणून झटकून टाकणं चूक ठरेल. पण तिसऱ्या मेसेजला नगरसेवक येतात, पाचव्याला पक्ष, दहाव्याला ‘तुम्ही लोक विकासाच्या विरोधातच’, आणि तिथून पुढे पक्षी दिसत नाही.

इथे विषय पाहून ठरवू नये, मेसेज पाहून ठरवावं. स्वतःला एकच विचारायचं: या मेसेजमधून पक्ष्याबद्दल किंवा तो राहतो त्या जागेबद्दल काही नवं कळतं का? आखणीचा नकाशा, त्या पट्ट्यातल्या झाडांची आणि पक्ष्यांची यादी, हरकती नोंदवण्याची शेवटची तारीख: हे सगळं ओळख-ग्रुपवर राहू द्यावं. कोणता पक्ष कसा, हे गप्पांमध्ये. आणि गप्पांमध्येही ते तापलं तर तिथला दरवाजा लावायची तयारी ठेवावी.

साप, फुलपाखरू, झाड यांचे फोटोही मधलेच. माझ्या मते ते येऊ द्यावेत, पण उत्तर एकदाच द्यावं आणि पुढची चर्चा गप्पांत न्यावी. पक्षी पाहणाऱ्याला झाड ओळखता आलंच पाहिजे, मग झाडाच्या फोटोला अवांतर म्हणून हाकलून काय साधणार?

सगळ्यात घातक मेसेज अवांतर नसतो

अ‍ॅडमिनचा सगळा जोर ‘शुभ सकाळ’वर जातो, आणि खरं नुकसान करणारा मेसेज अगदी विषयाला धरून असल्यामुळे नजरेतून सुटतो. उदाहरणार्थ: ‘शृंगी घुबडाचं घरटं, दोन पिल्लं, लोकेशन पाठवतोय.’ त्याखाली धडाधड लाल बदाम.

शृंगी घुबड ओढ्याकाठच्या दरडीत किंवा जुन्या खाणीच्या कपारीत, बहुतेक वेळा जमिनीलगतच अंडी घालतं. लोकेशन ग्रुपवर पडलं की येत्या रविवारी पाच-दहा कॅमेरे तिथे पोचतात. माणसं जवळ बसली की आईबाप घरट्यावर येत नाहीत. उन्हात उघडी पडलेली अंडी आणि पिल्लं तापतात, कावळ्यांना जागा कळते, कुत्री माणसांच्या मागे येतात. कुणी जवळून फोटो मिळावा म्हणून सभोवतालची फांदी तोडतं, कुणी मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर ओढतं. यातल्या कुणालाच पक्ष्याचं वाईट करायचं नसतं, तरी घरटं जातं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणं येतं, हे फार थोड्या सदस्यांना माहीत असतं. ते ग्रुपच्या माहितीत पहिल्या ओळीत लिहावं.

म्हणून घरटं, पिल्लं आणि घुबडांच्या बसायच्या जागा यांचं नेमकं ठिकाण ग्रुपवर नको. ‘पुण्याच्या पूर्वेला’ किंवा ‘सासवड परिसर’ एवढं पुरे. निसर्गातल्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांवरही ही पद्धत आहे. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातींची जागा ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी, एवढीच दाखवतात. आपल्या अक्षांशावर तो चौकोन वीस-बावीस किलोमीटरचा होतो.

फोटोतूनही जागा फुटते. फोटो नेहमीसारखा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाकतं, पण ‘क्वालिटी जाऊ नये’ म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर अक्षांश-रेखांश जसेच्या तसे सोबत जातात. मागे मोबाइलचा टॉवर, देवळाचा कळस किंवा खाणीची ओळखीची भिंत दिसत असेल, तर जाणकाराला तेवढंही पुरतं.

असा मेसेज आला की क्रम उलटा: आधी पुसायचा, मग बोलायचं. इथे अ‍ॅडमिनने वाट पाहू नये, नावानिशी दिसलं तर दिसू द्यावं. पुसल्यावर लगेच त्या सदस्याला फोन करावा आणि कारण सांगावं. बहुतेक जण ‘हे माहीतच नव्हतं’ म्हणतात आणि पुढच्या वेळी स्वतःच इतरांना थांबवतात. ‘पोपटाचं पिल्लू हवंय’, ‘पिल्लू द्यायचं आहे’ हे मेसेजही याच खात्यात, कारण आपल्याकडच्या पोपटांची खरेदी-विक्री बेकायदा आहे.

टोकायचं कसं

निरुपद्रवी अवांतराला पहिली पायरी खासगी मेसेजची. तासाभरात गेला तर बरा, दुसऱ्या दिवशी माणूस विसरलेला असतो. मेसेज साधारण असा:

‘नमस्कार काका, सकाळचा तुमचा कारल्याचा मेसेज पाहिला. त्याच वेळी ताईंनी तळजाईचा फोटो टाकला होता, तो वर सरकून गेला. तेवढा तिथून काढून गप्पांच्या ग्रुपवर टाकाल का? आणि हो, पाषाणची तुमची जुनी यादी मिळाली तर सगळ्यांनाच हवी आहे.’

यात नियमाचा आकडा नाही, ‘कृपया नोंद घ्यावी’ नाही. काय अडलं ते आहे, कुठे टाकायचं ते आहे, आणि त्यांच्याकडून काय हवंय तेही आहे. शेवटचं वाक्य मनापासूनचं असेल तरच लिहावं. खोटं लगेच कळतं.

तीच गोष्ट तीनदा झाली तर ‘सूचना’मध्ये नाव न घेता आठवण द्यावी. त्यानंतरही चालू राहिलं तर पंधरा दिवसांसाठी ग्रुपमधून काढावं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मधली पायरीच नसल्यामुळे ती आपणच तयार करावी लागते. काढण्याआधी परत कधी घेणार ती तारीख कळवावी, आणि त्या तारखेला न मागता परत जोडावं. काढलेल्या माणसाला स्वतःहून लिंकवरून परत येता येत नाही, तेव्हा अ‍ॅडमिन विसरला तर पंधरा दिवसांची शिक्षा जन्मठेप होते. आणि चिडायला खरं कारण तिथून मिळतं.

भांडण पेटलं तर दोघांपैकी कुणाचेच निवडक मेसेज पुसू नयेत. एकाचा राहिला आणि दुसऱ्याचा गेला, की अ‍ॅडमिन तिसरा पक्ष होतो. ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’वर टाकावा आणि तिथेच लिहावं, ‘उद्या सकाळी ७ ला परत सुरू.’ वेळ सांगितली नाही तर लोक खासगीत भांडत राहतात. सकाळी ७ ला उघडताना एखादा चांगला फोटो टाकून उघडावं. जो अ‍ॅडमिन स्वतः त्या वादात बोलला आहे, त्याने त्या दिवशी काहीच ठरवू नये. म्हणून अ‍ॅडमिन किमान तीन हवेत, आणि कुणाला काढायचं तर दोघांचं एकमत हवं.

‘सदस्याने काहीही टाकलं की अ‍ॅडमिनला अटक’ ही भीती अजून फिरते आणि तिच्यापायी चांगली माणसं अ‍ॅडमिन व्हायला नकार देतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं, की समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. तरीही कुणाला धमकी किंवा अश्लील मजकूर आला तर पुसण्याआधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला तक्रार करायची असेल तर हातात काहीतरी राहतं.

वही ठेवा

अ‍ॅडमिननी आपला वेगळा छोटा ग्रुप करून त्यात एक साधी नोंद ठेवावी: तारीख, काय आलं, काय केलं, कुणी केलं. चार रकाने पुरतात. दर तीन महिन्यांनी ती वाचली की कळतं, कोणत्या सामानाला अजून जागा मिळालेली नाही.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, त्या वहीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल: मांजात अडकलेली घार, बगळा, पिंगळा. ‘कुणी आहे का? लवकर सांगा!’ आणि त्याखाली तीस जणांचे ‘अरेरे’, तर फोन कुणाला करायचा ते एकोणतिसाव्या मेसेजमध्ये. हा मेसेज अवांतर नाही आणि थांबवायचाही नाही, पण त्याचं उत्तर आधीच तयार असलं पाहिजे. १ जानेवारीला ते पिन करून ठेवावं: पक्ष्याला हवा जाईल अशी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, पंखात रुतलेला मांजा ओढू नका, बाहेरचा दोरा कापा, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, म्हणून १ फेब्रुवारीला ती पुन्हा लावायची, कारण तुटलेला मांजा झाडांवर नंतरही लोंबत राहतो.